‘कंपनीची फुकट जाहिरात करतोय, मग परवानगी कशाला?’ अ‍ॅफिलिएट साइटवाल्यांमध्ये फिरणाऱ्या दाव्याचा प्रतिवाद

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग, म्हणजे आपल्या साइटवर कंपनीच्या मालाची लिंक देऊन विक्रीवर कमिशन मिळवणं, करणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत फॉरवर्ड होत असतो. थोडक्यात तो असा: ‘आपण कंपनीचा माल खपवून देतो, म्हणजे तिचा फायदाच करतो. तेव्हा तिचे फोटो, लोगो, वर्णन, नाव, सगळं बिनधास्त वापरा. खाली क्रेडिट द्या आणि कॉपीराइट भंगाचा हेतू नाही अशी एक ओळ टाका. मजकूर थोडा बदलला की तो आपलाच. डोमेनमध्ये, म्हणजे साइटच्या पत्त्यात, ब्रँडचं नाव घेतलं की सर्चमधलं रँकिंग लवकर मिळतं. फार तर नोटीस येईल. आली की काढून टाकायचं.’

नवीन साइट सुरू करणाऱ्याला हे चटकन पटतं, कारण यातलं पहिलं वाक्य खरं आहे. विक्री झाली तर कंपनीचा फायदा होतोच. पण त्याच्या आधारावर पुढे जे रचलंय ते जवळजवळ सगळं चुकीचं आहे. हा मजकूर दोन्ही बाजूंनी नुकसान करतो. काही जण त्यावर विसंबून वर्षानुवर्षं उभी केलेली साइट धोक्यात घालतात. काही जण पहिली नोटीस आली की इतके घाबरतात की प्रामाणिक रिव्ह्यूमध्येही उत्पादनाचं नाव लिहायला कचरतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘माल खपवतोय, म्हणून फोटो वापरता येतात.’

फोटो काढला त्या क्षणी त्यावर कॉपीराइट निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात वर्तुळातला ‘सी’ लागत नाही. कॉपीराइटविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात हे तत्त्व 1908 पासून आहे आणि आज 180 हून अधिक देश त्या करारात आहेत. ‘गुगल इमेजेसमध्ये सापडला, वॉटरमार्कही नव्हता’ या युक्तिवादाला त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की तो फोटो आहे कुणाचा? विक्रीच्या पानावर दिसणारा फोटो उत्पादक कंपनीचा असू शकतो, तिथे माल विकणाऱ्या दुकानदाराचा असू शकतो, ठरावीक वापरापुरतं लायसन्स दिलेल्या फोटोग्राफरचा असू शकतो, किंवा रिव्ह्यू लिहिणाऱ्या एखाद्या ग्राहकाने घरी काढलेला असू शकतो. तुमच्यामुळे फायदा होतो आहे कंपनीला, आणि हक्क आहे फोटोग्राफरचा. अशा वेळी ‘कंपनीला चालेल’ हे गृहीत धरून उपयोग काय?

कंपनीच्या अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅममध्ये सामील होताना आपण ‘आय अ‍ॅग्री’ दाबतो तो करार नेमका इथे कामाचा असतो. फोटो वापरण्याची परवानगी त्यात मिळते, पण अटींसह. अ‍ॅमेझॉनच्या असोसिएट्स प्रोग्रॅमचंच बघा. उत्पादनाचं चित्र त्यांनी दिलेल्या लिंकमधून किंवा एपीआयमधून (त्यांच्या सर्व्हरवरून माहिती थेट घेण्याच्या सोयीतून) दाखवायचं; ते उतरवून आपल्या सर्व्हरवर साठवायचं नाही. ग्राहकांचे रिव्ह्यू आणि स्टार रेटिंग तर त्यांच्या साधनाशिवाय दाखवायचंच नाही. आता बहुतेक साइटवर काय होतं ते आठवा: फोटोवर राइट क्लिक, सेव्ह, वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीत अपलोड, आणि शेजारी स्क्रीनशॉट काढलेले चार चांगले रिव्ह्यू. करारात जे करू नका म्हणून सांगितलंय तेच आपण पायरी-पायरीने करत असतो.

स्वतः उत्पादन हातात घेऊन काढलेला फोटो साधा असला तरी हा सगळा प्रश्नच मिटवतो. आणि खरं सांगायचं तर वाचकही त्याच फोटोवर जास्त विश्वास ठेवतो.

‘क्रेडिट दिलं की झालं.’

यावर युरोपियन युनियनच्या न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक साइटवाल्याने लक्षात ठेवावा. जर्मनीतल्या एका शाळेतल्या विद्यार्थिनीने स्पॅनिश भाषेच्या तासासाठी एक प्रेझेंटेशन केलं. त्यात स्पेनमधल्या कोर्डोबा शहराचा एक फोटो होता. तो एका पर्यटनविषयक साइटवर सगळ्यांना मोफत बघता येत होता. डाउनलोडवर कसलीही अडवणूक नव्हती. मुलीने फोटोखाली त्या साइटचं नावही लिहिलं होतं. शाळेने ते प्रेझेंटेशन आपल्या साइटवर टाकलं. फोटोग्राफरचं म्हणणं होतं की मी परवानगी फक्त त्या पर्यटन साइटला दिली होती. न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला: मोफत दिसणारा फोटोसुद्धा दुसऱ्या साइटवर नव्याने टाकायचा असेल तर परवानगी हवी.

इथे शाळा होती, अभ्यास होता, क्रेडिट होतं, एका पैशाची कमाई नव्हती. तरीही उत्तर हे. आपल्या पानावर तर प्रत्येक फोटोखाली कमिशनची लिंक असते.

‘हेतू नाही’ या ओळीबद्दल एवढंच पुरे, की परवानगी नाही हे आपल्याला माहीत होतं याचा तो आपणच लिहून दिलेला पुरावा ठरू शकतो. ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळतं’ हे वाक्य मात्र लिहायलाच हवं. पण ते ग्राहकापासून काही लपवू नये म्हणून असतं. फोटोच्या किंवा नावाच्या हक्काशी त्याचा संबंध नाही.

‘मजकूर थोडा बदलला की तो आपला.’

इथे थोडा दिलासाही आहे. तथ्यांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये टेलिफोन डिरेक्टरीच्या प्रसिद्ध खटल्यात हे स्पष्ट केलं: नाव, गाव, नंबर ही माहिती आहे, तिच्यावर मालकी सांगता येत नाही. त्यामुळे बॅटरीची क्षमता, वजन, लांबी-रुंदी, वॉरंटीची मुदत हे सगळं तुम्ही तुमच्या तक्त्यात खुशाल लिहा.

पण ‘हातात घेताच जाणवणारा रेशमी स्पर्श’ असलं कंपनीचं वर्णन, किंवा दुसऱ्याने महिनाभर वापरून लिहिलेल्या रिव्ह्यूची मांडणी, त्यातले अनुभव, त्याने निवडलेले मुद्दे, हे त्याचं लेखन आहे. वाक्यं पुढे-मागे केली, समानार्थी शब्द घातले, एआयकडून ‘रिराइट’ करून घेतलं, तरी मूळ लेखनाचा सांगाडा तसाच राहिला तर प्रश्न तसाच राहतो. आपल्याकडे आणखी एक समज घट्ट आहे: इंग्रजी लेख मराठीत आणला की तो नवा झाला. तसं नाही. भाषांतराचा हक्क मूळ लेखकाचा आहे, आणि बर्न कराराचं आठवं कलम नेमकं तेच सांगतं. मराठीत चांगले रिव्ह्यू फार कमी आहेत याचं मलाही वाईट वाटतं. पण ती उणीव भाषांतरित उचलेगिरीने भरून निघणार नाही.

‘डोमेनमध्ये ब्रँडचं नाव घ्या.’

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे, कारण कायदा इथे खरंच सरसकट हो किंवा नाही म्हणत नाही.

आधी आपला हक्क बघू. ट्रेडमार्क म्हणजे त्या शब्दावरची मक्तेदारी नव्हे. माल कुणाचा आहे याबद्दल ग्राहकाची फसगत होऊ नये, हा त्याचा गाभा. एखाद्या उत्पादनाबद्दल बोलायचं तर त्याचं नाव घ्यावंच लागतं. अमेरिकेत 1992 पासून याची एक कसोटी रूढ आहे: नाव घेतल्याशिवाय ती वस्तू ओळखता येत नसावी, गरजेपुरतंच नाव वापरलेलं असावं, आणि कंपनीचा आपल्याला पाठिंबा आहे असा भास होऊ नये. भारताच्या 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम 30 देखील मूळ मालकाच्या मालाचा निर्देश करण्यासाठी प्रामाणिक रीतीने केलेल्या वापराला जागा देतं. तेव्हा शीर्षकात नाव लिहा, तुलना करा, उणिवा दाखवा. वाईट रिव्ह्यू लिहिला म्हणून ट्रेडमार्कचा भंग होत नाही.

लोगोचं तसं नाही. नावाने वस्तू ओळखता येत असताना हेडरमध्ये लोगो कशाला? कसोटीतली ‘गरजेपुरतं’ ही अट तिथेच मोडते. शिवाय बऱ्याच लोगोंवर चित्र म्हणून कॉपीराइटही असतो.

आता डोमेन. अमेरिकेत एक मोटार दलाल दांपत्य लेक्सस गाड्या मिळवून द्यायचं आणि त्यांचं डोमेन होतं बाय-अ-लेक्सस डॉट कॉम. साइटवर गाड्यांचे कंपनीने काढलेले फोटो होते, लेक्ससचं ‘एल’ हे चिन्हही होतं. टोयोटाने दावा लावला. दरम्यान दांपत्याने फोटो आणि चिन्ह काढलं, कंपनीशी आपला संबंध नाही हे पानाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहिलं, पण डोमेन सोडलं नाही. खालच्या न्यायालयाने डोमेन वापरायला मनाई केली. 2010 मध्ये नवव्या सर्किटच्या (अमेरिकेतल्या एका प्रादेशिक विभागाच्या) अपील न्यायालयाने ती मनाई रद्द केली. लेक्सस विकणाऱ्याने आपण लेक्सस विकतो हे सांगू नये तर काय करावं, असा त्या निकालाचा रोख होता. मात्र त्याच निकालात हेही आहे, की नुसतं ब्रँडचं नाव असलेलं किंवा ‘ऑफिशियल’ जोडलेलं डोमेन ग्राहकाची दिशाभूल करतं.

मग डोमेन घ्यायला हरकत नाही, असं वाटेल. थांबा. डोमेनचे बहुतेक वाद न्यायालयात जातच नाहीत. 1999 पासून डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या यूडीआरपी या वाद सोडवण्याच्या पद्धतीने, बरेचदा जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या केंद्रासमोर, ते सुटतात. तिथे विक्रेत्यांसाठी 2001 च्या ओकी डेटा प्रकरणातल्या अटी लावल्या जातात: तुम्ही तो माल खरोखर देऊ करत असला पाहिजे, साइटवर फक्त त्याच ब्रँडचा माल असला पाहिजे, कंपनीशी असलेलं नातं स्पष्ट सांगितलेलं असलं पाहिजे, आणि त्या नावाची सगळी डोमेनं अडवून ठेवलेली नसावीत. यातली दुसरी अट वाचा. ‘टॉप टेन’ याद्यांवर चालणारी अ‍ॅफिलिएट साइट तिथेच अडकते, कारण एका ब्रँडच्या नावाने ग्राहकाला बोलावून ती त्याला नऊ प्रतिस्पर्ध्यांकडे पाठवते. निकाल विरोधात गेला तर डोमेन जातं, आणि त्याबरोबर त्या नावावर मिळवलेलं रँकिंग आणि बॅकलिंक्सही, म्हणजे इतर साइटनी दिलेल्या लिंकही, जातात.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी करार राहतोच. अ‍ॅमेझॉनच्या करारात त्यांचं नाव, त्याचं बदललेलं रूप किंवा चुकीचं स्पेलिंगसुद्धा डोमेनमध्ये चालत नाही. सर्च जाहिरातींमध्ये त्यांच्या नावावर बोली लावायलाही, म्हणजे ते नाव शोधणाऱ्याला आपली जाहिरात दिसावी म्हणून पैसे मोजायलाही, मनाई आहे. ब्रँडच्या नावाच्या कीवर्डवर जाहिरात करणं कायद्याने आपोआप गुन्हा ठरत नाही. युरोपियन न्यायालयाने 2010 मध्ये गुगल आणि लुई व्हिटॉनच्या प्रकरणात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ग्राहकाचा गोंधळ होतो का, यावरच भर दिला. पण करारात मनाई असेल तर त्या निकालांचा आपल्याला उपयोग नाही. खातं बंद होतं आणि साठलेलं कमिशन रोखलं जातं.

कंपन्या इतक्या कडक का असतात? 2013 मध्ये अमेरिकेत कॉन्टॅक्ट लेन्स विकणाऱ्या दोन कंपन्यांच्या खटल्यात त्यातल्या एकीच्या अ‍ॅफिलिएटने जाहिरातीच्या मजकुरातच प्रतिस्पर्ध्याचा ट्रेडमार्क लिहिला होता. हे कळूनही त्याच्या कंपनीने वेळेत थांबवलं नसेल तर तीही जबाबदार ठरू शकते, असं दहाव्या सर्किटच्या न्यायालयाने म्हटलं. अ‍ॅफिलिएटच्या चुकीचा भुर्दंड कंपनीवर येऊ शकतो. त्यामुळे ती आपली बाजू ऐकत बसेल ही अपेक्षा ठेवू नये.

‘नोटीस आली की काढून टाकायचं.’

हा समज अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्यातून आला आहे. नोटीस मिळताच मजकूर हटवला तर जबाबदारीतून सुटका, अशी तरतूद त्यात आहे खरी. पण ती दुसऱ्यांनी टाकलेला मजकूर साठवणाऱ्यांसाठी आहे: होस्टिंग कंपनी, व्हिडिओ प्लॅटफॉर्म वगैरे. स्वतःच्या साइटवर स्वतः फोटो चढवणाऱ्याला ते छत्र मिळत नाही. फोटो काढून टाकल्यावरही आधीच्या वापराची भरपाई मागता येते, आणि फोटो लायसन्स देणाऱ्या संस्था ती मागतात. अमेरिकेत वेळेत नोंदणी केलेल्या कृतीसाठी प्रत्येकी 750 ते 30,000 डॉलर आणि जाणूनबुजून भंग केला असेल तर 1,50,000 डॉलरपर्यंत वैधानिक भरपाई आहे. भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड आहे. न्यायालय शिक्षा किमानपेक्षा कमी करू शकतं, पण भंग व्यवसायातल्या फायद्यासाठी नसेल तरच. अ‍ॅफिलिएट साइटला ती सवलत मागणं कठीण आहे.

यापेक्षा जवळचा धोका वेगळाच आहे. ज्या साइटविरुद्ध हटवण्याच्या वैध नोटिसा मोठ्या संख्येने येतात तिला सर्चच्या निकालांत खाली ढकलणारा निकष गुगलने ऑगस्ट 2012 पासून वापरात आणला. सर्चवर जगणाऱ्या साइटला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

उलट, प्रत्येक नोटीस खरीच असते असंही नाही. रँकिंगमध्ये मागे पडलेला प्रतिस्पर्धी तुमच्या स्वतःच्या फोटोवरही नोटीस पाठवू शकतो. तेव्हा निमूटपणे पान काढू नका. डीएमसीएमध्ये काउंटर नोटीस, म्हणजे त्या तक्रारीला हरकत घेणारं उत्तर, देता येते. तक्रारदाराने न्यायालयात दावा लावला नाही, तर होस्टला 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत लावावा लागतो. मात्र ती खोट्या शपथेच्या शिक्षेची जोखीम पत्करून द्यायची असते आणि अमेरिकी न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. म्हणून कॅमेऱ्यातली मूळ फाइल, परवानगीचा ईमेल आणि सामील झालात त्या दिवशीच्या कराराची प्रत आजच एका फोल्डरमध्ये ठेवा. करार बदलत राहतात, आणि जुनी प्रत नंतर मागून मिळेलच असं नाही.