फ्लेमिंगो व्ह्यू विकणारे आणि खाडीवर जगणारे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एकाने टाकलं, अभयारण्याच्या नावाखाली खाडीलगतची एवढी प्राइम जागा वाया घालवलीय, काहीतरी डेव्हलपमेंट करा म्हणे. हेच साहेब फ्लॅट घेताना 'फ्लेमिंगो व्ह्यू'चे जादा पैसे मोजून आलेत! म्हणजे पक्ष्यांनी बिल्डरला कमवून दिलं ते चालतं.

ठाणे खाडीचा साधारण १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन (तिवरांचं जंगल) कक्षाचं सेंटर आहे, तिथून बोटी सुटतात, नोव्हेंबर ते मे सीझन, आणि त्या बोटीवर गावातलीच पोरं असतात ज्यांना भरती-ओहोटी तोंडपाठ, कुठल्या चिखलावर थवा उतरणार हे आधीच सांगतात. तिकिटाच्या पैशातून कोळीवाड्यात घर चालतं, ही मला सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

पण खरं सांगू का, बोटीचं उत्पन्न दिसतं म्हणून आपण तेवढंच बोलतो, खरी कमाई तिवरांच्या मुळांत आहे. कोळंबी, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं तिथे लपतात, वाढतात, मग जाळ्यात येतात. तिवरं तोडून भराव टाकला की कोळ्याचं जाळं रिकामं, आणि मोठ्या भरतीचं पाणी आपल्या पार्किंगमध्ये. जिताडा काय भावाने मिळतो ते मंडईत जाऊन विचारा एकदा, मग कळेल ही जागा वाया गेलीय की नाही 😀

पलीकडे ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाचं तेच. संजय गांधी उद्यानाचं जंगल उभं आहे म्हणून विहार, तुळशी तलाव टिकलेत आणि मुंबईला आजही त्यांचं पाणी मिळतं. त्याचं बिल जंगल कोणाला पाठवत नाही एवढंच. येऊरच्या पाड्यांवरच्या बायका पावसाळ्यात रानभाज्या घेऊन बाजारात बसतात तेव्हा मात्र आपण दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, पार्टीला तिथल्याच बंगल्याचं भाडं देताना नाही.

सगळं गोड आहे असं अजिबात नाही हां. कारखान्यांचं, गटारांचं पाणी खाडीत येतं आणि मासे कमी झाले की फटका पहिला कोळ्याला बसतो. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, ज्यांची गावं ही शहरं यायच्या आधीपासून खाडीवर आहेत, बोटी, गाइड, कँटीन, खेकडापालन, सगळ्यात पहिला हक्क त्यांचा. बाहेरचा ठेकेदार आणून गावच्या पोरांना गेटवर वॉचमन म्हणून उभं करायचं असेल तर त्याला स्थानिकांचा फायदा म्हणू नका.

आणि त्या ग्रुपवाल्या साहेबांना मी बोटीचं टायमिंग पाठवलंय, अजून ब्लू टिक नाही.