व्हेटो आणखी कुणाला, हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत मतदान आजही हात वर करून होतं. घोड्याच्या नालेसारखं टेबल, भोवती १५ जण. ८ डिसेंबर २०२३ ला गाझामध्ये तातडीने युद्धबंदी व्हावी या ठरावावर मतदान झालं, तेव्हा मी ते थेट प्रक्षेपण बघत होते. बाजूने १३ हात वर गेले. मग अध्यक्षांनी विचारलं, विरोधात कोण? एक हात वर गेला, अमेरिकेचा. ब्रिटन तटस्थ राहिलं. ठराव पडला, कारण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच स्थायी सदस्यांपैकी एकानेही विरोध केला की ठराव पडतो. हाच व्हेटो, आणि नवे स्थायी सदस्य घेऊन तो आणखी कुणाला द्यायचा यावर वाद चालतो. दोनच दिवस आधी सरचिटणीस गुटेरेस यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं ९९ वं कलम वापरून परिषदेला धोक्याची सूचना दिली होती. हे कलम कित्येक दशकांत कुणी वापरलं नव्हतं. त्याचाही काही उपयोग झाला नाही.

तो हात बघताना मला २५ फेब्रुवारी २०२२ ची बैठक आठवली. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव होता. ११ बाजूने, चीन, भारत आणि संयुक्त अरब अमिराती तटस्थ, आणि विरोधात एकटा रशिया. त्या महिन्याचं अध्यक्षपदही रशियाकडेच होतं. म्हणजे विरोधात कोण हे विचारणारा माणूस आणि हात वर करणारा माणूस एकच. खुर्चीही तीच. कुंपणच शेत खातं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

माझ्या ओळखीत या दोन हातांपैकी एकाच हातावर संतापणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या हाताचा विषय काढला की ते 'पण त्यामागची पार्श्वभूमी समजून घ्या' म्हणतात. मला हे पटत नाही. पार्श्वभूमी दोन्हीकडे आहे, आणि प्रेतंही.

व्हेटो म्हटलं की आपल्याला मोठ्या युद्धांचे ठराव आठवतात. मला मात्र तो नीट कळला बाब अल-हवा या नावामुळे. तुर्कस्तानातून वायव्य सीरियात जाणारी ही एक सीमाचौकी. धान्य, औषधं, तंबू भरलेले ट्रक तिथून जायचे. २०१४ मध्ये परिषदेने दमास्कसच्या, म्हणजे सीरियाच्या सरकारच्या, परवानगीशिवाय मदत नेण्यासाठी अशा चार चौक्या खुल्या केल्या होत्या. पुढे मुदतवाढीच्या प्रश्नावर रशिया आणि चीन अडून बसू लागले. जानेवारी २०२० मध्ये चाराच्या दोन झाल्या, जुलैमध्ये दोनाची एक. पलीकडे चाळीस लाखांच्या आसपास माणसं या मदतीवर जगत होती, आणि त्यांच्यासाठी परिषदेच्या मंजुरीचं एकच दार उरलं होतं.

६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. ढिगाऱ्याखालच्या माणसाकडे किती तास असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांचा पहिला ताफा बाब अल-हवातून पलीकडे गेला ९ तारखेला. आणखी दोन चौक्यांना दमास्कसने होकार दिला १३ तारखेला. रस्ते उखडले होते हे खरं. पण एकच दार ठेवायचा निर्णय भूकंपाने घेतला नव्हता, तो न्यूयॉर्कमधल्या त्या टेबलावर झाला होता. इतकं होऊनही ११ जुलै २०२३ ला ते एक दार आणखी नऊ महिने उघडं ठेवायचा ठराव रशियाने व्हेटो करून पाडला. १३ विरुद्ध १, चीन तटस्थ. नंतर मदत सुरू राहिली ती दमास्कसच्या संमतीवर. ज्या राजवटीच्या बॉम्बपासून माणसं पळाली होती, तिच्याच मर्जीवर त्यांची भाकर आली.

'व्हेटो' हा शब्द सनदेत कुठेही नाही. २७ व्या कलमात स्थायी सदस्यांच्या सहमतीच्या मतांची अट आहे, एवढंच. १९४५ मध्ये सनद ठरवायला सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या छोट्या देशांनी या अटीला जीव तोडून विरोध केला, ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हट त्यात पुढे होते. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कॉनली यांनी सनदेच्या मसुद्याची प्रत सगळ्यांसमोर टराटरा फाडून दाखवली. व्हेटो नको असेल तर सनदही मिळणार नाही, असा त्याचा अर्थ. छोटे देश गप्प बसले. मी त्यांना दोष देत नाही, महायुद्ध अजून पुरतं संपलंही नव्हतं.

व्हेटो रद्द होणार नाही, हे मलाही कळतं. १०८ व्या कलमानुसार सनद बदलायला पाचही जणांची मंजुरी लागते. म्हणून मग सगळा वाद येऊन थांबतो नव्या स्थायी जागांवर. भारत, ब्राझील, जर्मनी, जपान एकमेकांना पाठिंबा देतात. इटली, पाकिस्तान वगैरे देश त्यांना अडवतात. आफ्रिकी देश म्हणतात की व्हेटो तत्त्वतः नको, पण असणारच असेल तर आम्हालाही हवा. आफ्रिकेचं म्हणणं मला न्यायाचं वाटतं, त्या खंडाला एकही स्थायी जागा नसावी ही शरमेची गोष्ट आहे. पण पाचाचे नऊ किंवा अकरा हात झाले तर बाब अल-हवाचं दार उघडं राहिलं असतं का? अडवणारा हात एकच पुरतो.

माझ्या मते खरी लढाई आहे २७ व्या कलमाच्याच शेवटच्या ओळीत. वादात जो पक्ष आहे त्याने मतदानापासून दूर राहावं, असं तिथे लिहिलेलं आहे. पण ते फक्त शांततेने वाद मिटवण्याच्या ठरावांपुरतं. प्रत्यक्ष बळ वापरायची, निर्बंधांची गोष्ट आली की ही ओळ लागू होत नाही. आणि जिथे लागू होते तिथेही ती कुणी मनावर घेत नाही. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्यायाधीश नको, ही गोष्ट १९४५ मध्ये सगळ्यांना कळत होती. तिची व्याप्ती वाढवायचा आग्रह धरायला हवा.

दबावाने काहीच होत नाही असंही नाही. लिकटेन्स्टाइन हा चाळीस हजार वस्तीचा देश. त्याच्या पुढाकाराने एप्रिल २०२२ मध्ये आमसभेत, म्हणजे सगळ्या सदस्य देशांच्या सभेत, ठरलं की कुणीही व्हेटो वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभा भरणार आणि त्यावर चर्चा होणार. ठराव त्याने जिवंत होत नाही. पण व्हेटो वापरणाऱ्याला सगळ्या जगासमोर कारण सांगायला बोलावलं जातं. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी १९८९ नंतर एकदाही व्हेटो वापरलेला नाही, म्हणजे न वापरताही स्थायी सदस्य राहता येतं.

स्थायी जागा मागणाऱ्या भारतासह चार दावेदारांनी परिषदेच्या विस्ताराच्या २००५ च्या मसुद्यात पंधरा वर्षं व्हेटो न वापरायची तयारी दाखवली होती. मला त्यापुढचं हवं आहे. जागा मागताना भारताने आजच लेखी द्यावं की ज्या वादात आम्ही स्वतः पक्षकार असू, त्यात आमचा हात वर जाणार नाही. मग हाच प्रश्न त्या पाच जणांना नाव घेऊन विचारावा, उघड बैठकीत, दरवर्षी.