उगार किती आली?

आई-वडिलांना एखादा शब्द भलताच ऐकू आला की आधी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करायचं. पुण्यातून सांगलीला फोन लावून तुम्ही विचारता, "अण्णा, शुगर किती आली?" आणि अण्णा म्हणतात, "उगारला कशाला जायचंय रे?" असलं सोनं वाया घालवू नका, लगेच घरच्या ग्रुपवर टाका. (परवा अशीच एक रील चार ग्रुपांवरून चार वेळा आली.) उगारला साखर कारखाना आहे, म्हणजे अण्णा फार लांब गेले नाहीत, हे मात्र कुणाच्या लक्षात आणून देऊ नका.

फोन गाडी चालवताना करावा, स्पीकर लावून. तिकडे कुकर शिट्ट्या मारत असेल तर उत्तमच.

नाही कळलं तर तोच शब्द पुन्हा, दुप्पट आवाजात. "शुगर! अहो, शु-ग-र!" वयानं ऐकू कमी येऊ लागतं ते बहुधा वरच्या पट्टीपासून. श, स, फ तिथलेच, आणि मुळातच नाजूक. उ, अ, आ खालच्या पट्टीतले, दणकट. म्हणून शुगरमधला श गळतो आणि उगार उरतं. ओरडून वाढतो तो उ. श होता तिथंच. वर अशा कानांना मोठा आवाज लवकर टोचतो, मग अण्णा खेकसतात, "बोंबलू नको, बहिरा नाही मी." बरोबरच आहे त्यांचं. आवाज पोचतोय, शब्द पोचत नाही. शब्द बदलून, सावकाश, "डायबेटीसचा रिपोर्ट काय म्हणतोय?" असं अख्खं वाक्य टाकलं तर मागच्यापुढच्यावरून उमगेल. पण मग रील कशाची करणार?

कानातला मळ काढायला गाडीची किल्ली. नसेल तर काडेपेटीची काडी.

मशीन ऑनलाइन मागवा, कान न तपासता. कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख काढून मशीन त्याप्रमाणे लावायचं असतं, दोन-तीन खेपा घालून जुळवून घ्यायचं असतं, असल्या भानगडीत पडू नका. शिट्टी वाजते? कानात नीट बसलेलं नाही, नाहीतर मळ साठलाय. बॅटरीचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवायचं, हे सांगत बसू नका. डबी हातात द्यायची आणि पुण्याची गाडी पकडायची. आठवड्यात मशीन ड्रॉवरमध्ये, आणि "घेऊन दिलंय, घालतच नाहीत" म्हणायला तुम्ही मोकळे.

इन्सुलिनचे आकडेही फोनवरच सांगता ना? "सहा" म्हणालात आणि "दहा" ऐकू आलं, तर चार युनिट जास्त जातात. दरदरून घाम, थरथर, मध्यरात्री साखर खाली, आणि घरात आई एकटी. त्याचीही रील करणार? आकडा लिहून पाठवा. त्यांच्याकडून उलट वदवून घ्या. "सहा, पाचाच्या पुढचा" असं म्हणायला जीभ झिजते का तुमची? चार वर्षं त्या माणसाच्या कानावर हसताय, आणि एकदा कान तपासून आणायला सुट्टी मिळत नाही. गणपतीला येता, जत्रेला येता, हुरड्याला येता. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, सांगलीहून सिटी बस जाते, तपासणीला तासभरसुद्धा लागत नाही. उगार राहू द्या, मिरजेपर्यंत तरी न्या त्यांना.