लोबाचेव्हस्की 'वाया गेला' म्हणणाऱ्यांसाठी

निकोलाय लोबाचेव्हस्कीची गोष्ट ठरलेल्या पद्धतीनं सांगितली जाते. युक्लिडला धक्का देणारा, हयातीत उपेक्षित राहिलेला, शेवटी दृष्टी गमावलेला रशियन गणिती. वर हळहळ अशी, की एवढा बुद्धिमान माणूस विद्यापीठाच्या कारभारात वाया गेला! ही हळहळ मला अजिबात पटत नाही.

आधी गणित. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा काढता येते, हे युक्लिडच्या भूमितीतलं गृहीतक आपण शाळेत मुकाट्यानं मान्य करतो. दोन हजार वर्षं लोक ते सिद्ध करायला झटत होते. लोबाचेव्हस्कीनं अशा एकाहून जास्त रेषा मानल्या आणि बेधडक पुढे गेला. त्याच्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा कमी भरते. त्रिकोणाचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकी तूट जास्त. मग आपलं खरं अवकाश यातलं कोणतं? तेही त्यानं ताऱ्यांच्या मोजमापांवरून ताडून पाहिलं. केवढी ही हिंमत!

1829-30 मध्ये हे रशियातल्या कझान विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आलं. सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत गणिती ऑस्त्रोग्राद्स्कीनं ते पार निकालात काढलं. थोर जर्मन गणिती गाउसला मात्र त्याचं मोल पक्कं कळलं होतं. 1842 मध्ये त्यानं लोबाचेव्हस्कीला ग्योटिंगेनच्या विज्ञानसंस्थेवर घेतलं, पण या भूमितीच्या बाजूनं जाहीरपणे एक शब्द काढला नाही. याचा मला आजही राग येतो.

आता तो 'वाया गेलेला' काळ बघा. 1827 ते 1846 तो कझानचा रेक्टर होता, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू. 1830 मध्ये शहरात कॉलरा शिरला, तेव्हा त्यानं विद्यार्थी, प्राध्यापक आणि त्यांची कुटुंबं आवारात घेतली, फाटकं बंद केली, स्वच्छतेचे नियम कडक पाळायला लावले. बाहेर माणसं मरत होती. आत मृत्यू फार कमी झाले. ग्रंथालयही त्यानंच कित्येक वर्षं सांभाळलं. 1842 च्या आगीत वेधशाळा जळाली, पण दुर्बिणी आणि पुस्तकं वाचवली गेली, आणि इमारती त्यानं पुन्हा उभ्या केल्या.

कॉलऱ्यातून जगलेल्या त्या मुलांना कुणी विचारलं असतं का, रेक्टरांचा वेळ वाया गेला म्हणून? शिवाय भूमिती सुटली कुठे होती? कॉलरा आला त्या वर्षीही तो भूमितीवरचा लेख क्रमशः छापून येत होता. 1846 मध्ये सरकारनं त्याला पदावरून काढलं. तरी त्याच विद्यापीठाच्या पन्नाशीसाठी, डोळ्यांनी दिसेनासं झालेलं असताना, त्यानं आपल्या भूमितीवरचं 'पॅनजिऑमेट्री' हे पुस्तक दुसऱ्याकडून लिहून घेऊन पूर्ण केलं.