कृपया, मला म्हार्दोळला उतरायचे आहे

फोंड्याहून पणजीला जाणाऱ्या खासगी बसमध्ये सौजन्य पाळणे हा माझ्या निवृत्तीनंतरचा सर्वांत खडतर उपक्रम ठरला आहे. शाळेत 32 वर्षे मराठी शिकवताना मी मुलांकडून 'कृपया', 'क्षमस्व' आणि 'आभारी आहे' हे शब्द घोकून घेतले. आता ते आपणही वापरून पाहावेत, एवढीच माझी माफक इच्छा होती.

पहिला फटका दारातच बसला. माझ्यासारखेच एक सद्गृहस्थ पायरीशी उभे होते. "आधी तुम्ही," मी म्हणालो. "छे छे, तुम्ही वडीलधारे," ते म्हणाले. ते माझ्याहून दहा वर्षांनी तरी थोरले असावेत, हे त्यांच्या कवळीवरून दिसत असल्यामुळे मी ती पदवी साभार परत केली. आणि आमची ही देवघेव चालू असताना आमच्या काखांखालून सहा कॉलेजकुमार, मासळीची पाटी घेतलेली एक म्हातारी आणि कोणाच्या तरी पिशवीतला जिवंत कोंबडा आत शिरले. कोंबड्याला खिडकी मिळाली. "फुडें सर रे बाब, फुडें सर!" असे म्हणत कंडक्टरने शेवटी आम्हा दोघांनाही एकाच धक्क्यात आत घेतले.

1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी ही गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीलाही जागा ठेवली गेली. बसमध्ये मात्र माझ्या मराठीला उभे राहण्यापुरतीसुद्धा जागा नव्हती. त्या कंडक्टर पोराने मला 'तूं' म्हणावे याचा आधी रागच आला. पण 'तूं'च्या पाठीमागून येणारा तो 'बाब' माझ्या सगळ्या 'आपण'चे काम एकटाच उरकत होता, हे (मनातल्या मनात का होईना) कबूल करावे लागले.

तेवढ्यात म्हातारीने पाटी पायाशी ओढली आणि "बस रे पुता" म्हणत मला वीतभर जागा करून दिली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी 'पुता' झाल्यामुळे मी गहिवरलो आणि म्हणालो, "मी आपला अत्यंत आभारी आहे."

"आजारी?" म्हातारीने दचकून विचारले.

ही बातमी क्षणात ड्रायव्हरपर्यंत पोहोचली. कोणी खिडकीची काच सरकवली, कोणी नाकाशी लिंबू धरले, आणि कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागण्याचेही पुढे ढकलले. खुलासा करावा, तर एवढ्या माणसांच्या मायेचा अपमान होईल, या सभ्य विचाराने मी लिंबू हुंगत राहिलो.

खरी कसोटी पुढेच होती. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात जायचे असल्यामुळे मी वेळीच उठून सुरुवात केली, "क्षमस्व, आपणांस तसदी देत आहे, परंतु जरा वाट करून दिलीत तर कृपया मला येथे म्हार्दोळला..." मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, हे मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलो, त्याची किंमत मात्र त्या दिवशी कळली. 'उतरायचे आहे' तोंडातून बाहेर पडेपर्यंत म्हार्दोळ मागे पडले होते. शिवाय आजारी माणूस बडबडू लागला की त्याला बसवून ठेवतात, तसे दोघांनी मला खांदे धरून पुन्हा खाली बसवले. अखेर सुटका झाली ती मंगेशीला. म्हाळसेच्या दर्शनाला निघालेल्या मला आधी मंगेशाने बोलावून घेतले, असे मनाचे समाधान करत मी भर उन्हात पायी मागे फिरलो.

संध्याकाळी परतताना फोंडा जवळ आले तेव्हा माझ्याही नकळत माझ्या तोंडून आरोळी निघाली, "रावय रे! देंवतां हांव!" (थांबव रे, उतरतो मी!) गर्दी दुभंगली. शिटी वाजली. माझी छत्री आणि प्रसादाची पिशवी कोणाकोणाच्या हातांतून माझ्या आधी खाली पोहोचली. मी वळून, छातीशी हात जोडून, सावकाश आणि स्पष्ट उच्चारांत "देव बरें करूं" म्हणालो. पण त्यातल्या 'करूं'पर्यंत येतो तोच बस निघून गेली होती, आणि ते उरलेले क्रियापद मी धुरालाच अर्पण केले.