इंडीची जागा कोणी ‘पळवली’ नव्हती

ऑस्ट्रेलियातील ग्रामीण अपक्षांविषयी एक दावा सातत्याने फिरत असतो. व्हिक्टोरिया राज्याच्या ईशान्येचा इंडी मतदारसंघ हा लिबरल पक्षाचा कायमचा बालेकिल्ला होता, २०१३ साली अपक्ष उमेदवार कॅथी मॅकगवन यांनी कमी मते मिळूनही तो पसंतीक्रमाच्या करामतीने पळवला आणि या साऱ्यामागे हवामान बदलावर कृती मागणाऱ्या अपक्षांना मदत करणाऱ्या ‘क्लायमेट २००’ या निधीचा शहरांतून आलेला पैसा होता, असे त्यात म्हटले जाते. नोंदी तपासल्या की हा दावा टिकत नाही.

ही जागा १९०१ च्या पहिल्या संघीय निवडणुकीपासूनची आहे आणि लेबर, कंट्री व लिबरल या तिन्ही पक्षांनी ती जिंकलेली आहे. १९२८ साली कंट्री पक्षाचे विद्यमान खासदार रॉबर्ट कुक यांचा उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला नाही आणि लेबरचे पॉल जोन्स बिनविरोध निवडून आले. तो केवळ योगायोग मानला, तरी पुढच्याच वर्षी जोन्स यांनी रीतसर लढून जागा राखली. लिबरल पक्षाची सलग पकड १९७७ पासूनची, म्हणजे ३६ वर्षांची. हा काळ मोठा आहे, पण त्याला कायमचा म्हणता येत नाही.

मतांचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये लिबरल खासदार सोफी मिराबेला यांना पहिल्या पसंतीची सुमारे ४५ टक्के, तर मॅकगवन यांना सुमारे ३१ टक्के मते मिळाली. याचाच अर्थ, निम्म्याहून अधिक मतदारांची पहिली पसंती मिराबेला नव्हत्या. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची मोजणी पाहिलेल्या मराठी वाचकाला पुढचे सांगायला नको: मागे पडलेले उमेदवार बाद होत गेले, त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार वाटल्या गेल्या आणि मॅकगवन ४३९ मतांनी विजयी झाल्या. या पद्धतीला करामत म्हणणाऱ्यांनी तिचा उगम आठवावा. १९१८ साली स्वान पोटनिवडणुकीत लेबरविरोधी मते फुटली आणि लेबरचा उमेदवार सुमारे ३४ टक्के मतांवर निवडून आला, तेव्हा मतविभागणी टाळण्यासाठी लेबरविरोधी सरकारनेच ती आणली. त्याच वर्षी कोरँगामाइट मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत पहिल्या मोजणीत लेबरचे जेम्स स्कलिन आघाडीवर असताना शेतकरी संघटनेचे विल्यम गिब्सन पुढच्या पसंतींवर जिंकले. ग्रामीण पक्षांना ज्या नियमाने उभे केले, तो अपक्षाच्या कामी येताच अन्याय्य कसा ठरतो? शिवाय २०१६ मध्ये मिराबेला पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्या पसंतीच्या मतांतही मॅकगवन आघाडीवर होत्या.

पैशाच्या आरोपाला तर कालक्रमच उत्तर देतो. ‘क्लायमेट २००’ची स्थापना २०१९ ची आहे. मॅकगवन यांच्या उमेदवारीची पायाभरणी ‘व्हॉइसेस फॉर इंडी’ या स्थानिक गटाने २०१२ पासून केली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती माणसे जमवून, मोबाइलची न मिळणारी रेंज आणि रखडणारी रेल्वे अशा तक्रारी त्यांनी ऐकून घेतल्या. मॅकगवन स्वतः इथल्याच शेतकरी, आणि पूर्वी याच मतदारसंघातील लिबरल खासदाराच्या कार्यालयात काम केलेल्या. त्यांच्यानंतर २०१९ मध्ये हेलन हेन्स निवडून आल्या. संघीय संसदेत एका अपक्षाची जागा दुसऱ्या अपक्षाने राखण्याची ती पहिलीच वेळ होती. हेन्स यांना पुढे त्या निधीची मदत झाली, हे खरे आहे, आणि त्या पैशाविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क मतदारांना आहेच. मात्र २०१३ चा निकाल त्या पैशाच्या नावे मांडता येत नाही.