पस्तीस हजारांची बुलेट घ्यायचीच असेल तर

शोरूममध्ये जाऊन पूर्ण किंमत मोजणारी माणसं पाहिली की वाईट वाटतं. बिचाऱ्यांना बाजार कळत नाही. तुम्ही त्यांतले नाही. दोन लाखांच्या आसपासची बुलेट कुणीतरी कुठेतरी ३५ हजारांत विकायला बसलेला असतोच, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. फक्त शोधणाऱ्याकडे चिकाटी हवी आणि मोबाइलमध्ये डेटा. जुन्या वस्तूंची ॲपं, समाजमाध्यमांवरचे खरेदी-विक्रीचे ग्रुप, लिलावाच्या साइट्स यांवर रात्री जेवणं आटोपल्यावर तासभर बोट फिरवलं की तो सापडतो. सापडल्यावर पुढे काय करायचं, तेवढंच सांगायचं आहे.

किंमत इतकी कमी का, हा प्रश्न मनात आणू नका. आलाच, तर उत्तर जाहिरातीखाली तयार असतं : 'आर्मी में हूँ, ट्रान्सफर हो गया है, अर्जंट सेल.' किती पटण्यासारखं! नवी बुलेट, नवा फ्रीज किंवा नवा आयफोन घेतला की महिन्याभरात जवानाची बदली का होते, यावर खरं तर कुणीतरी पीएचडी करायला हवी. पण तो आपला विषय नाही. आपल्याला एवढंच कळतं की माणूस घाईत आहे आणि घाईतल्या माणसाला दाबता येतं.

हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा. या सगळ्या व्यवहारात लबाड कोण? तुम्ही. तो साधाभोळा फौजी, त्याला इथले भाव काय माहीत? त्याच्या अडचणीचा फायदा आपण उठवतोय, या विचाराने मनाला जी गोड टोचणी लागते, तीच पुढे पिन टाकायला बळ देते. म्हणून ३५ सांगितले की लगेच 'हो' म्हणू नका, लाज जाते. 'बत्तीस में दे दो' म्हणा. तो क्षणभर गप्प बसेल, 'सर, फौजी का नुकसान हो रहा है' म्हणेल आणि साडेबत्तीसला तयार होईल. जी गाडी त्याच्याकडे नाहीच, तिच्या किमतीत अडीच हजार तोडून घेतल्याचं समाधान काही औरच!

फोटो फार निरखू नका. गाडी कुठल्याशा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे, नंबरप्लेट एमएच १४ आहे, मागे तुळशीची कुंडी, कुंडीला टेकवलेली लहान मुलाची सायकल. विक्रेता मात्र सांगतोय की गाडी मुंबई विमानतळाच्या पार्किंगमध्ये आहे. असू शकते. विमानतळावर तुळस लावू नये, असा नियम थोडाच आहे? तोच फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर चार महिन्यांपूर्वीच्या दुसऱ्याच जाहिरातीत दिसण्याची भीती असते, म्हणून तिकडे फिरकू नका. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला तर गाडी कोणती, नोंदणी कधीची आणि मालकाच्या नावातली काही अक्षरं असं बरंच काही दिसतं. मुळीच टाकू नका. अक्षरं जुळली नाहीत तर उगाच झोप उडायची.

कॉलेजातली मुलगी मान न उचलता म्हणेल, 'बाबा, फेक आहे ते.' तिला सांगा, तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी रविवार पेठेत घासाघीस करत होतो.

आता कागदपत्रं. ती तुम्ही मागण्याआधीच येतात. लष्कराचं ओळखपत्र, कँटीनचं कार्ड, आधार, गणवेशातला फोटो. खरा जवान स्वतःचं ओळखपत्र अनोळखी माणसाला व्हॉट्सॲपवर असं वाटत फिरत नाही, असं कुणी म्हणालंच तर त्याला देशभक्ती शिकवा. कार्ड खरंही असू शकतं म्हणा. एखाद्या खऱ्याच जवानाचं, मागच्या कुठल्या तरी व्यवहारात काढून घेतलेलं. तेव्हा तो 'सर, आपका भी आधार भेज दो, गेट पास बनेगा' म्हणाला की मागेपुढे पाहू नका. पुढच्या गिऱ्हाइकाला तो तुमच्या नावाने आणि तुमच्या फोटोनिशी भेटेल. नाव झालं पाहिजे माणसाचं.

गाडी बघायला येऊ का, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. छावणीत बाहेरच्यांना प्रवेश नसतो. गाडी घरपोच येईल, तीही 'आर्मी ट्रान्सपोर्ट'ने. हिरव्या ट्रकचा फोटो येईल, त्यावर दोऱ्यांनी बांधलेली बुलेट, पाठोपाठ शिक्का मारलेली पावती. वाहतुकीचे ३,१५० रुपये आधी भरायचे. रक्कम अशी सुटी असली की हिशेब कुठल्या तरी कार्यालयात झाला असावा, असं वाटतं. दुसऱ्या दिवशी ट्रक टोलनाक्यावर अडकतो. मग विम्याचे भरा. मग जीपीएसचे. मग पैसे उशिरा पोचल्यामुळे सिस्टिमने घेतले नाहीत, पुन्हा भरा. यातला प्रत्येक रुपया 'रिफंडेबल' असतो. मधेच थांबायचा मोह होईल. थांबू नका. अकरा हजार भरून झालेत, आता पाच हजारांसाठी हातातोंडाशी आलेली गाडी सोडायची? याला व्यवहार म्हणतात का?

कधीकधी विकणारे तुम्ही असता. घरातला जुना सोफा जाहिरातीत टाकलात की पाच मिनिटांत फोन येतो. सोफा न बघता, घासाघीस न करता, सांगितलेल्या किमतीला घेणारा माणूस! सोफ्यावर प्रत्यक्ष बसलेल्यांनीही त्याला कधी इतका भाव दिला नव्हता. तो आधी एक रुपया पाठवून दाखवेल, तुमचा विश्वास बसावा म्हणून. मग क्यूआर कोड पाठवेल : स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे बँकवाले वर्षानुवर्षं ओरडून सांगतात. पण बँकवाले आपलं काय सांगतात ते आपण कधी ऐकलंय? पूर्वी 'कलेक्ट रिक्वेस्ट' नावाचीही सोय होती, समोरच्याने पैसे मागायचे आणि आपण ते आले समजून मंजूर करायचं. व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. सामान्य माणसाच्या गैरसोयीचा विचार कुणी करत नाही. क्यूआर मात्र अजून आहे, दिलासा तेवढाच.

गाड्या आणि सोफे ज्यांना किरकोळ वाटतात त्यांनी लिलावाकडे वळावं. 'कस्टमने जप्त केलेले आयफोन, बोली ९९९ रुपयांपासून.' खरा सरकारी लिलाव किती रटाळ असतो! एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर नोंदणी करा, माल बघायची तारीख पाळा, आधी इसारा रक्कम भरा, वर 'जसे आहे, जेथे आहे' ही अट मान्य करा. बँकेने जप्त केलेलं घर असेल तर बोली जिंकल्याबरोबर २५ टक्के आणि बाकीची रक्कम साधारणपणे १५ दिवसांत. यात रोमांच कुठे आहे? त्यापेक्षा टेलिग्रामवरचा लिलाव बघा. घड्याळ उलटं धावतंय, बोली लावण्यासाठी आधी पॉइंट विकत घ्यायचे, आणि तुमच्यावर चढ बोली लावणारे सगळे जण रात्री दोन वाजताही जागे. ते सगळे एकाच खोलीत बसलेले असतील, अशी शंका घेणं माणुसकीला धरून नाही.

लासलगावला कांद्याच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीत हात घालतो, कांदा दाबून बघतो, फोडून बघतो, मग बोली करतो. भाव पटला नाही तर शेतकरीही ट्रॉली वळवून घेऊन जातो. अडाणी पद्धत! क्विंटलामागे पन्नास रुपयांसाठी एवढा उपद्व्याप. आपण बत्तीस हजारांसाठी वस्तूला बोटसुद्धा लावत नाही. आणि अमेरिकेत १९९५ साली ईबेची सुरुवात झाली तेव्हा तर कहरच झाला. संस्थापक पिएर ओमिड्यारने मोडका लेझर पॉइंटर लिलावाला ठेवला, तो १४.८३ डॉलरना गेला, आणि या गृहस्थाने घेणाऱ्यालाच विचारलं, अहो, हा मोडका आहे, कळलंय ना? घेणारा मोडके पॉइंटरच जमवत होता, म्हणून निभावलं. असल्या विक्रेत्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या फौजीने असलं काही विचारून तुमचा उत्साह कधी घालवलाय?

पैसे घालवायचेच नसतील, नुसते कमवायचे असतील, तर डब्यात वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं आहे का बघा. व्हिडिओत सांगतात की त्याला दहा लाख मिळतात. २०१२ सालचं नाणं, नाणी पाडली त्याला धड दीड दशकही झालं नाही, पण दुर्मीळ ते दुर्मीळच. घेणारा रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्याचं पत्र पाठवेल आणि दहा लाख सोडवण्यासाठी आधी जीएसटी मागेल. आपण असल्या व्यवहारात नाही आणि त्यासाठी कुणाला शुल्क किंवा कमिशन घेण्याचा अधिकारही दिलेला नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. त्यांना काय जातंय म्हणायला? नाणं तुमच्या डब्यात आहे.

शेवटी एक दिवस फौजीचा फोन 'नॉट रीचेबल' लागेल. लगेच १९३० ला फोन करू नका. सायबर फसवणुकीचा हा हेल्पलाइन नंबर आहे, आणि पहिल्या तास-दोन तासांत केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मग सगळी गंमतच गेली. आधी चार दिवस 'रेंज नसेल, सीमेवर आहे' म्हणत काढा. मग बायकोला कसं सांगायचं यात आठवडा जाऊ द्या. तोवर तुमचे पैसे भाड्याच्या चार-पाच खात्यांतून फिरून कुठल्याशा एटीएममधून बाहेर पडलेले असतील आणि तक्रार निवांतपणे लिहिता येईल.

तक्रारीचा राग तुम्ही समाजमाध्यमांवर काढलात की तिथे एक 'रिकव्हरी एजंट' स्वतःहून संपर्क साधेल. तुमचे पैसे कुठे अडकलेत ते त्याला दिसतं, तो ते सोडवून देतो, फक्त फाइल उघडण्याचे तीन हजार आधी भरायचे. एकदम तीन हजार देऊन मोकळे होऊ नका बरं का. दोनवर आणा. येईल तो.